माहेरचं बेअरिंग

मी, खाली सही करणारी, वय एकोणतीस, अविवाहित, युद्धनौकांच्या गोदीत सुट्या भागांची तंत्रज्ञ, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. ते लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. उद्या सकाळी चाचणीच्या फ्रिगेटवर चढायला मात्र भाग पाडले आहे.

१. बँकेतली शिल्लक आईला.

२. माझी हत्यारे हाताखालच्या फिटर मुलीला. मायक्रोमीटर बाबांचा आहे, पण दादाने तो मागू नये. त्याने तो कधी पेटीतून बाहेर काढलेला नाही.

३. बाबांच्या घरातला माझा अर्धा वाटाही आईला. दादाने तिथेच राहावे, त्याला बाहेर काढायचे नाही. माझे कपाट तेवढे आता हलवू नये. रविवारी त्याने ते एकट्याने सरकवले, तेही धरलेल्या कमरेने.

४. कमरेचे कारण लिहून ठेवते. एकाच आराखड्यावर चार फ्रिगेट बांधायला घेतल्या. मग बांधणारा कारखाना बंद पडला आणि सुटे भाग मिळेनासे झाले. चौथी पाण्यात उतरलीच नाही. उरलेल्या तिघींना लागेल ते आम्ही तिच्यातून काढतो. गोदीत तिला ‘माहेर’ म्हणतात. तिथला भाग ज्याने पास केला, त्याने पहिल्या चाचणीला इंजिनघरात त्या भागाशेजारी उभे राहायचे, असा आमचा नियम आहे.

या वेळी शाफ्टचे बेअरिंग आले. पास करणारा तपासनीस माझा थोरला भाऊ. खोके माझ्याकडे पोचले तेव्हा भाग काढताना त्यावर लावलेले सील शाबूत होते. मी उघडून, भेगा दाखवणारा रंग लावून पाहिले. बेअरिंगला केसाएवढी भेग आहे.

“दादा, खोकं उघडलंस तरी का?”

“अगं, माहेरचं सामान कोण तपासून घेतं? बसव तू.”

“भेग आहे त्याला.”

“तुला सगळीकडे भेगाच दिसतात. म्हणून तर लग्न जमत नाही.”

दुसऱ्या दिवशी त्याची कंबर धरली आणि चाचणीच्या यादीत त्याच्या जागी माझे नाव आले. साहेब म्हणाले, पास केलेला भाग तपासनीसच मागे घेऊ शकतो. आई म्हणाली, भावाच्या पोटावर पाय देऊ नकोस. मी नकार दिला तर फिटर मुलीला पाठवतील. पूर्ण वेगात बेअरिंग फुटले तर शेजारी उभ्या माणसाचे काय होते, हे दादाला माझ्याइतकेच ठाऊक आहे.

५. दादा, हे वाचत असशील तर सही करू नकोस. साहेबांना फोन कर, बेअरिंग मागे घे. हा कागद मी तुझ्यासमोर फाडीन आणि पुन्हा कधी विषय काढणार नाही.

स्थळ: घर, जेवणाचे टेबल.
दिनांक: चाचणीचा आदला दिवस.

सही: (केली)

साक्षीदार पहिल्या: गोदीच्या स्टोअरकीपर बाई. चष्मा लावून सगळे वाचले, मग सही केली.

साक्षीदार दुसरा: थोरला भाऊ. “कुठे करू?” एवढेच विचारले.