रोहितचं ताट

११ ऑगस्ट २०२४, हुडकेश्वर

आलो एकदाचा. मस्कतहून मुंबई, मुंबईहून नागपूर. पासपोर्टवर हा देश माझाच आहे, पण चोवीस वर्षांत इथे सलग महिनाभरसुद्धा राहिलो नव्हतो. नट व्हायचंय तर मुंबईला का नाही, असं तिकडे जो तो विचारत होता. मुंबईत माझ्यासारखे छप्पन्न. इथल्या शरच्चंद्र सरांनी मात्र व्हिडिओवर माझी दोन स्वगतं पाहून मला थेट नाट्यस्पर्धेच्या नाटकात नायक करून टाकलं. आईनं बजावलंय, उन्मेष, एक वर्ष देते, नाही जमलं तर मुकाट्यानं परत यायचं आणि बाबांच्या ऑफिसात बसायचं. ती वेळ मी येऊ देणार नाही.

खोली वरच्या मजल्यावर, हवेशीर. मालक मधुकरराव, नरखेडकडे त्यांची संत्र्याची बाग आहे. रुखमाकाकूंचं निम्मं बोलणं मला पुन्हा विचारावं लागतं, पण "काहून गा, जेवला नाही का अजून?" हे पहिल्याच दिवशी पाठ झालं. मुलगी काजल बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. पुढच्या खोलीत हार घातलेला एक फोटो आहे. तो रोहित, काजलचा मोठा भाऊ. दोन वर्षांपूर्वी बागेतून मोटरसायकलनं परत येताना रस्त्यात गेला. काकू म्हणाल्या, घरी ताट वाढून ठेवलं होतं, पोरगं उपाशी गेलं.

१ सप्टेंबर

सकाळी तर्री पोहे खाऊन डोळ्यांतून पाणी काढलं, संध्याकाळी तालमीत सरांच्या डोळ्यांतून. सर म्हणतात, लिहिलेलं वाक्य ओकू नकोस, त्या माणसाच्या पोटात असेल ते ओठांवर येऊ दे. आज मी नाटकातलं एक वाक्य चक्क बदललं आणि सरांनी उठून पाठ थोपटली. स्वारी सध्या हवेत आहे.

३० सप्टेंबर

मधुकरराव वर आले. चहा नको म्हणाले. मग विषय काढला. परवा सर्वपित्री अमावस्या. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या जागी त्याच्याच वयाच्या कुणाला तरी पितर म्हणून जेवायला बसवायची त्यांच्याकडे रीत आहे. रोहितच्या जागी त्याचा चुलतभाऊ बसायचा, त्याला यंदा सुट्टी नाही. मी बसेन का? काम सोपं. पोटभर जेवायचं. शेवटी काकू विचारतील, पोट भरलं का. 'भरलं' म्हणायचं, हात धुवायचे आणि मागे न बघता उंबरा ओलांडायचा. म्हणजे तो सुखानं जातो.

एका शब्दाची भूमिका आणि वर जेवण. मी लगेच हो म्हटलं.

२ ऑक्टोबर

उडदाचे वडे, कढी, कोहळ्याची भाजी, तांदळाची खीर. मी पाटावर, काकू समोर. मी रोहितचा विचार करत गेलो. दिवसभर बागेत राबलेला, भुकेला, घरी ताट वाढलेलं आहे हे ठाऊक असलेला. खरोखर त्याच्यासारखा जेवलो. मग काकूंनी विचारलं, "पोट भरलं का रे बाबू?"

तोंडाशी आलेला शब्द मी गिळला. इतक्या आशेनं बघणाऱ्या बाईला 'भरलं' म्हणून उठून जायचं? माझ्या तोंडून आलं, "नाही वं माय. भूक हाय अजून."

काकू हमसून हमसून रडल्या आणि पुन्हा वाढायला लागल्या. मस्कतमधल्या साऱ्या टाळ्या त्या एका क्षणावरून ओवाळून टाकाव्यात. मधुकरराव तेवढे पांढरेफटक पडले होते. जिन्यात काजलनं गाठलं आणि म्हणाली, "तुले एकच शब्द सांगतला होता ना गा." मी हसण्यावारी नेलं.

९ ऑक्टोबर

काकू रोज माझं ताट वाढून ठेवतात. फुकटचं जेवण, नटाला आणखी काय हवं. फक्त हल्ली भूक फार लागते. बाहेर काहीही खाल्लं तरी पोटात खड्डा राहतो. काकूंकडे जेवलो की ढेकर येते, पण जिना चढेपर्यंत मला पुन्हा भूक लागलेली असते.

२४ ऑक्टोबर

तालमीत वाक्यं आठवेनात. तोंडातून 'मले', 'तुले' निघतं. नायक पुण्याचा प्राध्यापक आहे, सर भडकले, थट्टा पुरे म्हणाले. मी थट्टा करत नव्हतो. नीट बोलायला गेलो की घशातून आवाजच येत नाही. लिहिताना असं होत नाही. हात अजून माझा आहे.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

काकूंनी काजलला मला ओवाळायला लावलं. मी हसून म्हणालो, लहानपणी तुझी लाल चप्पल विहिरीत मीच टाकली होती. काजलनं तबक तसंच खाली ठेवलं. ते फक्त तिला आणि रोहितला ठाऊक होतं, म्हणाली.

नंतर ती वर आली. उद्या पाटावर बस, काकूंनी विचारलं की 'भरलं' म्हण आणि पळ, म्हणाली.

४ नोव्हेंबर

बसलो. जेवलो. काकूंनी विचारलं. एकच शब्द होता. जीव एकवटून तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "वाढ वं माय."

नट म्हणवतो मी स्वतःला. एक शब्द आला नाही. मला भीती वाटते आहे, फार.

२२ नोव्हेंबर

तालमीला गेलो. सरांनी दारातच विचारलं, कोण पाहिजे.

१५ डिसेंबर

दोनदा स्टेशन गाठलं. दोन्ही वेळा तिकीट हातात होतं. दोन्ही वेळा जेवणाच्या वेळी पाटावर होतो. मधे काय झालं, आठवत नाही.

१२ जानेवारी २०२५

आईचा व्हिडिओ कॉल आला. तिनं खूप वेळ पाहिलं, मग विचारलं— आपण कोण? उन्मेषला द्या ना फोन. मी आई म्हणायला तोंड उघडलं.

"तो बाहेर गेला जी." माझ्याच तोंडानं तिला सांगितलं.

२८ एप्रिल

काजलनं मार्ग काढला. परवा अक्षय्य तृतीया, तेव्हाही पितर बसवतात. तिच्या कारखान्यातला रोशन रोहितच्या जागी बसेल. 'भरलं' म्हणेल, दुसरं काही नाही. मधुकररावांनी काकूंना समजावलं, लेकराले जाऊ दे आता. आईलाही काजलनंच कळवलं. ती एक तारखेला सकाळी येते.

दोनच दिवस. मग रोहित जाईल आणि आई मला ओळखेल.

३० एप्रिल

रोशन पाटावर बसला. साधा मुलगा. शब्द पाठ करतोय. मी शेजारच्या खोलीत.

आत्ता ढेकर आली. त्याला, या अंगात बसलेल्याला. पोट तट्ट आहे. रोहितला भूक नाहीच— सात महिने जेवतोय तो—

उपाशी मी आहे.

रोशननं खीर तोंडात घातली. गोड मला लागली. माझ्या जिभेवर. सात महिन्यांत पहिल्यांदा— किती बरं वाटतंय— भूक कमी होते आहे—

नाही. नाही. त्या ताटावर मी आहे, रोशन 'भरलं' म्हणाला की जाणार मी—

उठता येत नाही. पाय त्याचे. हात एवढा माझा. चिठ्ठी— रोशन, नाही म्हण. भूक आहे म्हण. काजल, हे वाच, थांबव त्याला— कुणी इकडे बघत नाही—

काकू विचारतायत.

आई उद्या सकाळी— एकच दिवस— रोशन नको— मला अजून भू