गोदूबाईचा जबाब

पोलादपूर,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, १९३४

प्रिय दत्ताराम,

पाकिटावर ‘पौल’ लिहिलं आहे, कारण दत्ताराम लिहिलं असतं तर तुझ्या मिशनच्या आवारात पोस्टमन पत्र घेऊन गरगर फिरला असता. आत मात्र दत्तारामच. बाराव्या दिवशी आईने पाळण्यात घालून ठेवलेलं नाव आहे, ते मी सोडायचा नाही. तू सोडलंस, तुझी मर्जी.

तुझं पत्र पोचलं. नाताळाच्या आधी तुला पाळक, म्हणजे पाद्री, करणार म्हणे, आणि त्यासाठी तुमच्या मंडळीच्या वडीलधाऱ्यांना आपल्या घरच्या कर्त्या माणसाच्या सहीचा दाखला हवा आहे. काय, तर तुझी पहिली बायको गोदूबाई हिने तुझ्याकडे नांदायला यायचं स्वखुशीने नाकारलं, तिला कोणी अडवलं नाही की भरीला घातलं नाही. घर सोडून तुला सात वर्षं झाली रे. आपली पत्रं थांबल्यापासून दिवाळीला दोन ओळी नाहीत, आई गेल्याची तार केली तर उत्तर तेराव्यानंतर आलं. आणि आता सहीपुरता दादा आठवला. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते खोटं. तुला ती वेळेवर सुचते.

ज्या साली महाडला तळ्याच्या पाण्यावरून दंगल झाली, त्या शिमग्याला तू मुंबईहून आला होतास. माझ्या हातातली काठी तू पाहिलीस. घरी येऊन मी ती भिंतीला टेकवली, पाय धुतले आणि जेवायला बसलो, तू मात्र ताटावरून उठलास. मला वाटलं, दोन दिवसांत उतरेल राग. तो उतरला नाही. पावसाळ्यात तुझं पत्र आलं की तू पाण्याने बाप्तिस्मा घेतलास, आणि नाव घेतलंस पौल. कारणही लिहिलं होतंस. हा पौल म्हणे आधी मारणाऱ्यांतलाच होता, दुसऱ्याला धोंडे मारणाऱ्यांचे अंगरखे सांभाळत उभा राहिलेला. पुढे वाटेत आकाशातून उजेड पडला आणि माणूस पालटला. दादा, तूही पालटशील, असं लिहून तू पत्र संपवलं होतंस. दवाखान्यात औषधं बांधणाऱ्या कंपाउंडरने थोरल्या भावाला असा उपदेश करावा! महाडच्या रस्त्याने मी किती वेळा गेलो असेन, उजेड काही पडला नाही. ऊन मात्र भरपूर लागलं.

तू ते काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक पाठवलंस. मी मास्तर माणूस, वाचल्याशिवाय नावं ठेवत नाही. शाळा सुटली की फळ्याखाली बसून तुझ्या पौलाची सगळी पत्रं वाचली, काही दोनदा वाचली. मग आपला तो वाद चालला, आठवतो ना? तू लिहायचास की याच माणसाने सांगितलं, आता गुलाम नाही आणि धनी नाही, सगळे एक. मी लिहायचो की याच माणसाने पळून आलेला गुलाम हातात चिठ्ठी देऊन धन्याकडे परत पाठवला. तू म्हणायचास, ती चिठ्ठी नीट वाच, त्याला भाऊ समजून घरात घे असं लिहिलंय. मी म्हणायचो, भाऊच समजायचं होतं तर पाठवला कशाला? तू म्हणायचास, तो नसता तर येशूचा शब्द चार कोळ्यांच्या गावातच विरून गेला असता. मी म्हणायचो, मूळ गुरूने एक पत्र लिहिलं नाही, आणि ज्याने त्याला देहाने पाहिलंही नाही त्याने पत्रं लिहून लिहून पंथ उभा केला. खरं सांगू? त्या वादात मला मजा यायची. इथे पाटील नि तलाठी सोडून बोलायला कोण होतं? तुझं पाकीट आलं की मी मुलांना पाढे घालायचो आणि आधी ते फोडायचो.

मग ते पत्र आलं. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेला मजकूर तू उतरवून काढला होतास. एखाद्या भावाची बायको आपल्या विश्वासातली नसली, पण त्याच्याजवळ नांदायला राजी असली, तर त्याने तिला टाकू नये. ती आपण होऊन निघून गेली तर मात्र जाऊ द्यावं, मग भाऊ त्या लग्नाला बांधलेला नाही. खाली लिहिलं होतंस की गोदूला हे वाचून दाखव, ती म्हणेल ते लिहून तिचा अंगठा घेऊन पाठव, ती आली तर मी दादरला खोली घेतो. तुमच्या मंडळीलाही तो कागद हवा होता.

मी वाचून दाखवलं. ओटीवर आई होती, गोदू दाराआड उभी होती. तुला वाटतं तशी ती रडली वगैरे नाही. दोनदा वाचायला लावलंन. तो कोण सांगणारा, त्याला बायको होती का, असं विचारलंन. नव्हती म्हटल्यावर हसली. मग म्हणाली, “बायको नाय तरी बरा समजतो तो बाबा. त्यांना लिवा भावजी, देव कंचा बी असूं दे, भाकर मलाच भाजायची हाय. मी येते.”

हो. येते म्हणाली. आता खाली बसून घे आणि पुढचं वाच.

त्याच महिन्यात माझ्या लेकीची, येसूची, सोयरीक वरंधला ठरली होती, सुपारी फुटली होती. गोमाजी पाटील संध्याकाळी येऊन माझ्या ओटीवर बसला. धाकटा बाटला ते बाटला, म्हणाला, पण घरातली सून तुम्ही आपल्या हाताने पाठवलीत तर मग आमचा इलाज नाही. विस्तव बंद, पाणी बंद, आणि वरंधकर तर उंबरासुद्धा चढणार नाहीत. चहा पिऊन तो गेला. आणि नुसतं येसूचंच होतं असं म्हणून मी अंग काढून घेत नाही. लावणीला गोदू दोघांचं काम ओढायची. ती गेली असती तर खालच्या खाचरात मजूर लावावे लागले असते. हेही माझ्या मनात आलं होतं.

तुझ्या पौलाची पत्रंही तो सांगायचा आणि दुसराच कोणी लिहायचा. शेवटच्या दोन ओळी तेवढ्या स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरांत. गोदूला मोठं अक्षरही येत नाही. तिचं जे काही कागदावर गेलं ते मीच लिहिलं, तिच्या बापाला धाडलेली खुशालीसुद्धा. घरातल्या थोरल्याने लिहिलेल्या कागदावर अंगठा देताना आपल्याकडे कोणती बाई विचारते, यात काय आहे म्हणून? तिच्या नावाने मी लिहिलं की मी बाटग्याजवळ नांदायला येणार नाही, माझं मला इथे बरं आहे. तिने शाई पुसायला पदर पुढे केला आणि विचारलंन, किती दिवसांत न्यायला येतील? मी सांगितलं, पंधरा-वीस दिवस.

तिने लुगडी धुऊन घडी करून ठेवली होती. तुझ्यासाठी कुळथाचं पीठ दळून ठेवलं होतंन. ते पीठ पुढे आम्हीच खाल्लं. तुला तिचा नकार पोचला, तू मोकळा झालास, कोर्टकचेरीचं तुमच्या वकिलाने त्याच कागदावर उरकलं, आणि दोन वर्षांनी मुंबईहून आलेल्या आपल्या गावच्या भिकूने सांगितलं की दत्तारामने मिशनच्या नर्सबाईशी लग्न केलं, तिचं नाव मार्था. गोदू तेव्हा अंगण सारवत होती. अंगण पुरं करून मग उठली. त्यानंतर एकदाच बोलली ते मात्र तुझ्या कानावर घालतो. म्हणाली, त्या बाबाने चांगलं सांगितलं होतं, ह्यांनाच ते पाळता आलं नाही. म्हणजे पौलाबद्दल आपल्या घरात तीन मतं झाली. त्यातलं तिचंच बरोबर, दत्तू, फक्त तुला ते पाळू दिलं नाही तो मी.

आता हे का लिहितो आहे ते सांगतो. मला उपरती झाली असं समजू नकोस. नुसता दाखला पाठवला असता तर तू सुखाने पाळक झाला असतास, आणि तेच मला बघवेना. आई गेली त्या दिवशी मी उशाशी होतो, हात माझा धरलेला, आणि शेवटपर्यंत दत्तू आला का, दत्तू आला का, हेच. काठी हातात होती तो मी वाईट, आणि ताटावरून उठून गेलास तो तू देवमाणूस. तू मागितलास तसा दाखला सोबत ठेवला आहे. मजकूर तुझाच, सही माझी, साक्ष गोमाजी पाटलाची, कुठे खोड काढायला जागा नाही. त्यातला शब्दन् शब्द खोटा आहे, हे आता तुला आणि मला ठाऊक. दाखवलास तर पाळक होशील आणि दर रविवारी मार्थेसमोर उभा राहून त्याच पौलाचं वाचशील. फाडलास तर गोदू यायला राजी होती हे उघड होईल, मग मार्था कोण आणि तिची पोरं कोण, याचा जबाब तुझ्या मंडळीला तूच दे. गोदूला मी काही सांगणार नाही. ती खळ्यावर भात झोडते आहे, तुझं पत्र आलंय एवढंसुद्धा तिला माहीत नाही.

तुझाच,
दादा