गारगोटीची पावडर आन् हवेचा पाईप

३ नोव्हें., सोम.
सहा बायांना तीन मास्क! वर शेठ म्हणतो, आळीपाळीनं घाला. दुसरीच्या थुंकीचा मास्क मी तोंडाला लावू व्हय? तुमच्या मंडळींना लावा म्हणणार हुते, गिळलं. कारखान्यात गारगोटी दळून पावडर करत्यात, मैद्यापरास बारीक. दिवसभर पोती भरायची. पदर बांधला तरी नाकात जाती. त्यावर औषध म्हणून शेठ रोज गुळाचा खडा देतो. घसा गोड हुतो, बाकी काय न्हाय.

५ नोव्हें., बुध.
मुमताज लई खोकती. आठ वर्षं माझ्या शेजारी पोती शिवती. सुट्टी झाल्यावर रोजच्यासारखं मी कंप्रेसरच्या पाईपानं सगळ्यांच्या अंगावरची पावडर उडवली. घरी पांढरं जायला नको. "अक्का, पीठपे भी मारो ना." पाठीवर बी मारली हवा. भिंतीला धरून खोकत बसली.

८ नोव्हें., शनि.
मुमताजला दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो काढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही दगडाची धूळ फुफ्फुसात बसली की निघत न्हाय, आता आणखी जाऊ देऊ नका. मी मधीच म्हणलं, रोज पाईपानं साफ करून देते की मी तिला. बाई पेन ठेवून बघतच राहिल्या. "अहो, कपड्यावर बसलेली धूळ तुम्ही उडवून तिच्या नाकात घालताय."
रिक्षात मुमताज म्हणती, "अक्का, तुमको क्या मालूम था." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. जेवण गेलं न्हाय.

१० नोव्हें., सोम.
पाईप गुंडाळून ठेवला. कुणी हात लावायचा न्हाय म्हणलं. शांता भडकली, "मग काय भुतावाणी शिटी बसमधी चढू?" वल्या फडक्यानं पुस म्हणलं. "आली मोठी डॉक्टरीण!" सगळ्या हसल्या. मुमताज बी हसली, आन् तिचा खोकला थांबंना. शांतानंच फडकं भिजवून आणलं.

१२ नोव्हें., बुध.
शेठला सांगितलं. धूळ ओढायचं मशीन बसवा, ज्याला त्याला मास्क, अंग धुवायला नळ, सगळ्यांचे छातीचे फोटो. मुमताजचं बी सांगितलं. "बरं, बघतो." दुपारी गेटवरचा माणूस मुमताजला म्हणतो, उद्यापासनं येऊ नको. आजारी बाई ठेवत न्हाय म्हणं. आजारी कुटं पडली मग? हितंच की!
माझ्या तोंडानं तिचं काम गेलं. पयलं छाती, मग काम. दोन्ही माझ्याच पायी.

१३ नोव्हें., गुरु.
पोरीकडनं मागण्यांचा कागद लिहून घेतला. पाचजणींच्या सह्या, अंगठे. शेठच्या टेबलावर ठेवला. "धमकी देता व्हय?" वाचा की म्हणलं, शिकलेलं हाय तुमी. तोंडावर बोलले. मुमताजला पावडरीपासनं लांबचं काम देता का? तिचं औषधपाणी कोण करणार? मशीन कधी? सोमवारी सकाळी नऊला आमी गेटवर हाय, मुमताज बी. व्हय का न्हाय, तुमी सोता येऊन सांगा. तवर एक पोतं भरणार न्हाय.