व्हिडिओतला हात

दौंड,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

ती. विश्वजीतदादास,

रुपालीचा नमस्कार. तीर्थरूप लिहिताना पेन जरा अडलं होतं, पण आईनं लावलेलं वळण आहे, जात नाही. वहिनीची कंबर आता बरी असेल. इकडं सगळे ठीक. मला या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती, आज सुट्टी, म्हणून सकाळीच सगळं आवरून लिहायला बसले. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. "रुपे, गाडी चालवतोय, मागनं बोलतो," म्हणतोस आणि ते मागनं काही येत नाही. मेसेज केला तर अंगठा पाठवून मोकळा. कागदाला अंगठा पाठवता येत नाही, म्हणून कागद.

तर, गिटार पोचली. खताच्या गोणीत, तोंड सुतळीनं शिवून, एसटीच्या कंडक्टरच्या हवाली केलेली. अरे, मला कांदे पाठवतोस तेव्हा तरी पिशवीवर नाव घालतोस! स्टँडवर गोणी उचलली तर आत काहीतरी ठणकन वाजलं. घरी आणून सुतळी कापली आणि बघतच बसले.

दादा, एम-सील? पाण्याची टाकी होती का रे ती?

ही गिटार आतून पोकळ असते. पुढच्या लाकडावर दोन लांब फटी असतात, व्हायोलिनला असतात तशा. त्या ठेवलेल्याच असतात, ते भोक पडलेलं नसतं. तुझ्या मेव्हण्यानं, इंद्रजीतनं, त्यातनं आत दोन बनियन आणि एक टॉवेल कोंबला, वरनं एम-सील थापलं आणि त्याला काळा ऑइलपेंट मारला. फोनवर तू मला काय सांगितलंस? "इंद्रजीत म्हणतोय आवाज गळतोय. तू निवडलेली गिटार फुटकी निघाली, दुकानदाराला परत कर." आवाज गळतोय! पाईपलाइनची कामं करणारा माणूस तो, त्याला फट दिसली की हात शिवशिवतात. पण तुला काय झालं होतं? तू तर दुकानात माझ्याशेजारी उभा होतास.

आठवतंय का, की तेही सांगू? नवरात्रात तुझा फोन आला. "आपल्या बेंजो पार्टीकडं लोकं आता रिसेप्शनला जेवताना हळू वाजणारं मागत्यात. तुझ्या त्या गार्डसाहेबाकडं व्हती ना, तसली पोकळ गिटार घ्यायची हाय. पंचवीस हजाराच्या आत बसली पायजे. तुझा कान हाय, तू चल." मी रजा टाकली. कंपनीत सांगितलं की आईला दवाखान्यात न्यायचंय. आई जाऊन चार वर्षं झाली, दादा.

पुण्याच्या त्या दुकानात तीन गिटारी काढल्या होत्या. पहिलीच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं बोटाला कापत होती. दुसरी दिसायला झकास, पण आवाजाचं बटण फिरवलं की खरखर. तिसरी कुणी नाव न ऐकलेल्या कंपनीची, रंग जरा भडक, एक खुंटी सैल. ती मांडीवर घेतली, टोनचं बटण अर्ध्यावर आणलं आणि नखीऐवजी अंगठ्यानं तार छेडली. दादा, मी बारा वर्षांनी गिटारला हात लावला होता. बोटं मऊ पडलेली, तारा रुतत होत्या. पण मला गिटार शिकवणाऱ्या गार्डसाहेबांनी रेल्वे कॉलनीतल्या त्या ओट्यावर घोटवून घेतलेले जॅझचे चार सुरांचे कॉर्ड एकामागून एक हाताखाली यायला लागले, मी न बोलवता. घागरीत तोंड घालून कुणी मायेनं बोलावं, तसा आवाज होता. दुकानदारानं पलीकडं वाजत असलेला स्पीकर बंद केला. तू फोन वर धरून उभा होतास. मला वाटलं, माझा भाऊ माझा व्हिडिओ काढतोय. मला रडू येत होतं आणि मी तरी वाजवत होते.

आणि निघताना मी तुला सांगितलं होतं, ही वरातीच्या टेंपोवर चढवायची नाही. मोठ्या स्पीकरसमोर ठेवली की सगळा आवाज तिच्या पोटात शिरतो आणि ती कोकलते. हिला छोटा स्पीकर, खुर्ची आणि बसून वाजवणारं माणूस लागतं. तू मान हलवलीस. "व्हय, व्हय, कळलं," म्हणालास. मला वाटलं ते बसून वाजवणारं माणूस कोण, ते तुला कळलंय.

घरी येऊन मी जुनी ओढणी फाडून गिटार पुसायला फडकं शिवलं. इतकी येडी मी.

खंडेनवमीला तू पार्टीची सगळी वाद्यं मांडून पूजा केलीस. बेंजो, ढोल, ताशे आणि मधोमध नवी गिटार, तिला झेंडूचा हार. फोटो मला वहिनीच्या स्टेटसला दिसला. गिटार इंद्रजीतच्या गळ्यात होती. त्याला बेंजो चांगला येतो, कधी नाही म्हटलं नाही मी. पण गिटार? तो ती बेंजोसारखी कोलतो. त्यात टेंपोवर दोन भिंतीएवढे स्पीकर. कोकलणार नाही तर काय करेल बिचारी?

तेही मी गिळलं असतं. मला गिळायची सवय आहे. पण तू व्हिडिओचं काय केलंस ते मला परवा कळलं.

कॅन्टीनला शितलनं फोन पुढं केला. माझ्याच लॅबमधली शितल, तिच्या धाकट्या बहिणीचं रिसेप्शन २९ तारखेला इथंच दौंडला आहे, तुझीच पार्टी बुक केली आहे त्यांनी. "रुपाली, बघ तरी, काय वाजवतोय! याच्यासाठी तर आम्ही बुकिंग केलं. तुझ्या भावाच्या पार्टीत कोण गं हा?" बघते तर गिटारची मान आणि वर फिरणारी बोटं. बाकी सगळं कापलेलं. खाली लिहिलेलं, "आमची नवीन फॉरेन स्टाईल गिटार, लग्नसराई बुकिंग चालू." माझ्या करंगळीचं नख लहानपणी दारात चेचलेलं, तूच दार लावलं होतंस. मी माझा हात ओळखणार नाही का?

तोंड कापलंस माझं, दादा. हात ठेवलास, कारण हात कामाचा होता. आणि तोच आवाज टेंपोवर येईना म्हटल्यावर दोष कुणाला? गिटारीला! नि मला! वाजवणारं माणूस बदललंय, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही? तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. शितलनं विचारलं तेव्हा मी काय म्हणाले माहीत आहे? "असंल कुणीतरी." एवढं म्हणून मी डबा उघडला.

तिथंच मला तो बारा वर्षांपूर्वीचा दिवस आठवला. मामाच्या घरी मला बघायला आले होते. कोपऱ्यात गार्डसाहेबांनी दिलेली जुनी गिटार उभी होती. सासऱ्यांनी विचारलं, "मुलगी वाजवते का?" तू झटकन म्हणालास, "छे, छे, तिला वाजवता-बिजवता काय येत न्हाई. मामाच्या पोराची हाय ती." मी पोह्यांचा ट्रे धरून उभी होते. मला तोंड होतं. मी "येतं" म्हणू शकत होते. नाही म्हणाले. बारा वर्षं मी हा राग फक्त तुझ्यावर काढला, मनातल्या मनात. त्यातला निम्मा माझ्या वाटणीचा होता.

परवा रात्री यांना सगळं सांगितलं. हे गिटार मांडीवर घेऊन ऐकत होते. मग म्हणाले, "आगं, मला तवा आवडलंच असतं. कुणी सांगितलंच न्हाई." ऐकलंस? कुणी नको म्हटलं नव्हतं, कुणी अडवलं नव्हतं. तूच आधी घाबरलास आणि मी तुझ्यामागं उभी राहिले.

चार दिवस शिफ्टच्या आधी बसून आम्ही दोघांनी एम-सील काढलं. हे गिटार धरायचे, मी केस वाळवायच्या मशीननं गरम करून सुरीनं खरवडायची. एका फटीचा कोपरा उडाला, तो आता तसाच राहणार. पण वाजते. बनियन धुऊन, घडी करून सोबतच्या पिशवीत पाठवते. एम-सीलचे तुकडेही पुडीत बांधून ठेवलेत. तुझ्या टाकीला लाव.

गिटार दुकानात परत जाणार नाही. शिरूरला तुझ्याकडंही नाही. आज सकाळी शितलला फोन केला. म्हटलं, तो हात माझा आहे. ती पहिल्यांदा हसली, मग म्हणाली, "मग २९ ला तूच वाजव की."

मी वाजवणार आहे. टेंपो गेटबाहेर राहील, वरातीला इंद्रजीत बेंजो वाजवेल, झकास वाजवेल. आत जेवणं सुरू झाली की मी छोट्या स्पीकरवर बसेन. तू यायचंस, माइक हातात घ्यायचास आणि सगळ्या पाहुण्यांसमोर, माझ्या सासऱ्यांसमोरसुद्धा, कारण ते येणार आहेत, माझं नाव घ्यायचंस. काय म्हणायचं ते खाली माझ्या सहीतच लिहून देते, पाठ कर. जमणार नसेल तर येऊ नकोस, मी माझी मीच सांगेन.

वहिनीला नमस्कार.

जिला वाजवता येतं,
ती तुझी बहीण,
रुपाली