डॉक्टरांपुढं ठेवलेलं पत्र

भातकुली, ता. ९ ऑगस्ट २००८

चि. सौ. सुभद्रास जानरावचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुया भावाच्या पायाची आग थांबली बरं. दोन वर्सं तळपायाले मिरची लावल्यावानी व्हायचं, चादरही सोसवत नव्हती. अमरावतीच्या नव्या डॉक्टरनं नसांची कॅप्सूल देली, अन् मी लेकरावानी झोपून राहिलो. पाय तेवढे सुजले, चपलेत मावत नाहीत. दिवसाही पेंग येते. काल झेंडूच्या वाफ्यात बसल्या बसल्या डोळा लागला, तर सून वर्षाली हसली. शुगरच्या गोळ्या जुन्या डॉक्टरच्या, त्या चालूच हायेत. नव्यानं इचारलं नाही, मी सांगितलं नाही. सूज वयाची असन.

तुयी शुगर कशी हाय? लोभ हायेच, खुशाली लिहीत जा.

तुया दादा

जुने शहर, अकोला, ता. १४ ऑगस्ट २००८

ती. दादास सुभद्राचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

सूज वयाची नाही. आमच्या गल्लीतल्या औषधवाल्या फुरकानभाऊले मी तुमचं पत्र दाखवलं. ते म्हणाले, शुगरच्या काही गोळ्या अन् ही कॅप्सूल एकत्र आली की सूज वाढू शकते. साऱ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरकडे जा. दम लागला तर एक दिवसही थांबू नका. पण आपल्या मनानं कॅप्सूल एकदम बंदही करू नका.

अजून एक. पेंगेत जेवण चुकलं अन् शुगरची गोळी पोटात असली, तर शुगर उतरते. घाम, थरथर आली तर ते झोपेचं समजू नका, साखरपाणी घ्या. हे मले माया शुगरनं शिकवलं. पत्र वर्षालीले वाचाले द्या, तुमी उशाखाली ठेवसान.

माया असू द्या, अन् रागावू नका.

तुमची सुभद्रा

भातकुली, ता. २५ ऑगस्ट २००८

चि. सौ. सुभद्रास अनेक आशीर्वाद.

तुयं पत्र वर्षालीनं दोनदा वाचलं, मी हसण्यावारी नेलं. गेल्या बुधवारी सांजेची शुगरची गोळी घेतली अन् न जेवताच डोळा लागला. सकाळी अंग घामानं भिजलेलं, हात थरथरत होते, बोलणं धड नव्हतं. पोरगा सागर म्हणाला, बाबाले कॅप्सूलची गुंगी हाय, झोपू दे. वर्षाली म्हणाली, "आत्याबाईनं लिवलं हाय, ही झोप नाही." तिनं घोट घोट साखरपाणी पाजलं, म्हणून मी हे लिहून राहिलो.

त्याच दिवशी सारी पाकिटं अन् तुयं पत्र नव्या डॉक्टरपुढं ठेवलं. त्यायनं शुगरची एक गोळी बदलली, कॅप्सूल कमी केली. सूज उतरून राहिली. पायाची आग थोडी हाय, सोसवते. पत्र वाचून त्यायनं इचारलं, या बाई किती शिकल्या. चौथी, म्हणालो.

माय गेली तवा बाबानं तुले शाळेतून काढलं, कावून तं मले भाकर कराले कोणी पायजे होतं. मी मॅट्रिक झालो. मी चौदा वर्सांचा होतो, मले समजत होतं. मी एक शब्द बोललो नाही. चुकलं मायं, सुभद्रा.

तुया दादा

जुने शहर, अकोला, ता. ३० ऑगस्ट २००८

ती. दादास शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून मोरणा नदीच्या पुलापर्यंत चालत गेले, परत आले, मग चहा ठेवला. राग होता, दादा. नाही म्हणून खोटं कावून लिहू? चाळीस वर्सं होता. तुमी लिवलं, बरं केलं.

वर्षालीले माया आशीर्वाद सांगा. पुढच्या रविवारी येऊन राहिले. त्या दिवशी मी चुलीपाशी जाणार नाही. तुमी वाढा, मी जेवते.

तुमची सुभद्रा