एरर शून्य

सोमवार, ७ एप्रिल
पंचफुला आत्यानं मुलगी सुचवली आहे. काजल, पारशिवनीकडच्या चिंचझरीची. मला पसंत. खूपच पसंत. वडील महादेवराव तेवढे अडून बसलेत: "पोरगा कॉम्प्युटरवर करते तरी काय?"
आणि योगायोग बघा, ऑफिसात आजच 'चिंचझरी रिठी'चा जुना नकाशा माझ्याकडे आला. स्कॅन केलेला कागद सॅटेलाइटच्या फोटोवर नेमका बसवायचा. महादेवरावांना शनिवारी बोलावून टाकलं. त्यांचं घर, संत्र्याची बाग, सगळं दाखवणार. आज मॅन्युअल वाचायचं.

मंगळवार, ८ एप्रिल
मॅन्युअल राहिलं. कूलरमध्ये पाणी भरायचं होतं. शिवाय काम सोपं आहे. नकाशावर जी खूण, तीच फोटोत शोधायची, दोन्हीकडे क्लिक. देऊळ, विहीर, नाल्याचं वळण, शेतात जाणारी पांदण. झाले चार पॉइंट. सॉफ्टवेअर म्हणतं, एरर चारशे मीटर. सॉफ्टवेअर जुनं आहे.

बुधवार, ९ एप्रिल
एरर तेवढाच. शेजारच्या टेबलावरची नंदिनी डोकावली. म्हणे, "रिठी म्हणजे उजाड गाव गा! तिथं कोणीच राहत नाही. तू नांदत्या चिंचझरीवर काहून बसवून राहिला?"
मी शांतपणे सांगितलं, रिठ्यानं केस धुतात, गावात झाडं असतील. ती हसत पाणी प्यायला गेली. माझं लग्न जमतंय, हे तिला खुपतंय.

शुक्रवार, ११ एप्रिल
सुचलं! पांदणीचा पॉइंट उडवला. उरले तीन. एरर शून्य! ऑफिसात आजवर कुणाला जमलेलं नाही. नंदिनी म्हणे, "तीन पॉइंटवर शून्यच येते, चूक पकडायले चौथा लागते. नकाशा कोराडीच्या वीजकेंद्राच्या राखेत नेऊन बसव, तरी शून्यच."
जळते. उद्या निळा शर्ट.

शनिवार, १२ एप्रिल
महादेवराव आले. सोबत संत्राबर्फीचा डबा. फोटोत त्यांचं घर मोठं करून दाखवलं. स्वतःचं छप्पर ओळखून गडी खूश. मग जुना नकाशा वर चढवला. घर, गोठा, बाग, सगळं एकाच चौकटीत नीट बसलं.
चौकटीत लिहिलं होतं: स्मशान.
मी म्हणालो, एरर शून्य आहे. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "जितेपणीच पोचवलं का गा मले?"
जाताना बर्फीचा डबा परत घेऊन गेले.

रविवार, १३ एप्रिल
महादेवरावांचा मेसेज: "स्थळ चुकलं."
जीव भांड्यात पडला. म्हणजे राग नाही, नुसती तांत्रिक तक्रार. लगेच उत्तर दिलं: सॉफ्टवेअरची चूक, सोमवारपर्यंत स्थळ दुरुस्त करून देतो.
संध्याकाळी आत्याचा फोन. "अरे येड्या, ते नकाशाचं नाही, तुयं म्हणून राहिले."
काजल मला खरंच आवडली होती. आज जेवलो नाही.