उजवीकडचा पीळ

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा गुडघा बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. इकडे मी मात्र पार चक्रावलोय.

आमच्या सहकारी दुकानाचा नियम तुला ठाऊक आहे: माल इथल्याच हातचा हवा, मधे दलाल नको, आणि करणाऱ्याला कष्टाचं पुरतं मोल मिळायला हवं. आत्याच्या वेताच्या टोपल्यांना सगळ्यांत जास्त मागणी. म्हणून गेल्या वर्षी मीच तिला दाराशी स्टूल देऊन बसवलं. विणणारे हात दिसले की गिऱ्हाइकाला टोपलीची किंमत पटते.

काल फळी आवरताना टोपल्या न्याहाळल्या. आत्या डावखुरी, तिच्या काठाचा पीळ डावीकडे झुकतो. पण निम्म्याअधिक टोपल्यांचा पीळ उजवीकडे! विचारलं तर म्हणाली, हात माझे, पीळ माझा, तू आपली झाडलोट कर.

रविवारी सभासदांची बैठक आहे. साबणवाली आठवते ना? नवऱ्याच्या आजारपणात तिने बाजारचा साबण आपला म्हणून ठेवला, आणि मीच नियमावर बोट ठेवून तिला काढलं. आता आत्याला कोणत्या तोंडाने ठेवू? आणि आईच्या मागे जिने आपल्याला वाढवलं, तिला कोणत्या तोंडाने काढू? रोज सकाळी देवापुढे बसतो. तोही नुसता माझ्याकडे बघतो.

तुझ्या मायेवर विसंबलेला,
मुनी

९ फेब्रुवारी

चि. मुनीस,
अ. उ. आ.

देवाला बोलायला सवड तरी दे. लहानपणीही प्रश्न विचारून तू लगेच दुसरा विचारायचास.

मागे आले होते तेव्हा एक अख्खी दुपार मी आत्याजवळ बसले. कुणी फोटो काढत होतं, कुणी वेत कुठून आणता विचारत होतं, एका बाईंनी तर तिचा हात हातात घेऊन डोळे पुसले. आत्या सगळ्यांशी गोड बोलत होती, तुझ्यामाझ्याशी जन्मात बोलली नाही इतकं गोड. तेवढ्या वेळात टोपलीचं बूडसुद्धा पुरं झालं नाही. विणणारीला तू बोलायच्या कामाला लावलंस, आणि फळी मात्र भरलेली हवी! ती कोण भरतं, हे तिला नीट विचार. दरडावून नको, शेजारी बसून, वेत सोलता सोलता.

बैठकीत तिची शोभा होऊ देऊ नकोस. खोटंही बोलू नकोस. दोन्ही एकदम कसं जमवायचं, ते मला विचारू नकोस.

तुझी काळजी न सोडणारी,
ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शेजारी बसलो. वेत सोलताना बोट कापून घेतलं, तेव्हा कुठे आत्या हसली आणि बोलली. त्या टोपल्या साबणवालीच्या! मागच्याच गल्लीत राहते. आम्ही काढल्यावर आत्यानेच तिला विणायला शिकवलं. तिच्या टोपल्यांचे पैसे आत्या जसेच्या तसे तिच्या हातावर ठेवते. मला का सांगितलं नाहीस म्हटलं, तर म्हणाली, तू नियम काढून दाखवला असतास.

म्हणजे माल इथलाच, मोलही पुरतं. मग चुकलं काय? पण टोपलीवर नाव तर आत्याचं.

बैठकीत जसं होतं तसं सांगून टाकलं. तेलवाले म्हणाले, आत्याने फसवलं. सुतार म्हणाला, आपणच तिला फसवायला लावलं. पाववाल्या वहिनींनी विचारलं, साबणवालीला काढताना तिच्या नवऱ्याची चौकशी तरी कुणी केली होती का? शेवटी एवढंच ठरलं की आत्या राहील, आणि ज्याचा हात त्याचं नाव. साबणवालीला बोलावण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

गेलो. तिने दारातच उभं राहून ऐकलं.

आज सकाळी आली आणि उंबरठ्याशी थांबली. आत्या तिला बोलवेना. माझ्याकडेच पाहत राहिली. शेवटी मी दुसरं स्टूल आणून आत्याच्या शेजारी ठेवलं. साबणवालीने ते उचलून बाहेर नेलं आणि दुकानाकडे पाठ करून विणायला बसली.

तिने मला माफ केलं असं धरू की नाही, समजत नाही. दुकान बंद करताना मात्र ते स्टूल तिनेच आत आणलं, आणि आत्याच्या स्टुलाला लागून ठेवलं.

तुला काही उमगलं तर कळव. नाही उमगलं तरी पत्र लिही.

तुझा गोंधळलेला,
मुनी